थांबलेल्या ट्रेलरचाही दर ठरवा: न्हावा-शेवा बंदराच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण,
मा. सचिव, केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालय,
आणि न्हावा-शेवा येथील सर्व टर्मिनलचालक कंपन्यांचे व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

मी उरण तालुक्यातला एक छोटा ट्रेलरमालक. माझी मागणी एकच आहे. बंदरावर आलेला कंटेनरवाहू ट्रेलर ठरावीक वेळेपेक्षा जास्त रखडला, तर त्या वेळेचे पैसे मिळाले पाहिजेत. ज्याच्यामुळे तो रखडला त्याने ते दिले पाहिजेत, आणि त्यातला ठरलेला वाटा चालकाच्या हातात पडला पाहिजे.

आमच्या धंद्यात थांबणाऱ्या प्रत्येक गोष्टीला दर आहे. जहाज धक्क्याला लागायची वाट पाहत उभे राहिले तर त्याचे दिवसाचे भाडे लाखो रुपयांत जाते, म्हणून ते थांबू नये यासाठी अख्खे बंदर राबते. आयातीचा बॉक्स, म्हणजे कंटेनर, फुकटच्या दिवसांपेक्षा जास्त काळ यार्डात राहिला की ग्राउंड रेंट, म्हणजे जागाभाडे, सुरू होते. लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, रिकामा बॉक्स मुदतीत परत गेला नाही की डिटेन्शन, म्हणजे उशिराचे शुल्क, लागते, तेही डॉलरच्या हिशोबात. रीफर, म्हणजे शीत कंटेनर, प्लगला लावला की त्याचे पैसे वेगळे. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, माल पडून राहिला की गोदामभाडे. प्रत्येकाचा तक्ता छापलेला असतो, प्रत्येकाचे बिल निघते, आणि ते शेवटी कुठल्यातरी आयातदाराच्या नाहीतर निर्यातदाराच्या टेबलावर जाते. ट्रेलर आणि त्याच्या केबिनमधला माणूस तेवढा कोणत्याही तक्त्यात नाही. तो दोन तास थांबो की दहा तास, भाडे ट्रिपचेच.

ज्या वेळेला दर नाही, तिची काळजी कोणी घेत नाही. चालकांच्या चांगुलपणावर आणि अधिकाऱ्यांच्या सहानुभूतीवर सोडून हा प्रश्न सुटला असता तर एव्हाना सुटला असता.

ट्रिपचा हिशोब आत बसणाऱ्यांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. कारखान्यात बॉक्स भरायचा तर आधी लाइनच्या एम्प्टी यार्डातून रिकामा बॉक्स उचलावा लागतो. तिथे पहिली रांग. मग पुणे, नाशिक, वापी, जिथे कारखाना असेल तिथे जायचे, माल भरून सील लावायचे आणि परत फिरायचे. शिपिंग बिल हा निर्यातीचा कस्टमचा अर्ज, कस्टमची परवानगी, टर्मिनलच्या प्रवेशाचा फॉर्म १३ हे सगळे जुळले आणि त्या जहाजाचा माल घ्यायला टर्मिनलचे गेट उघडले असेल, तरच ट्रेलर टर्मिनलकडे वळतो. तिथे दुसरी रांग. आत गेल्यावर यार्डातली क्रेन मोकळी होईपर्यंत तिसरी. उतरून बाहेर पडताना परतीचा आयातीचा बॉक्स मिळाला तर ट्रिप सुटली, नाही तर रिकामा ट्रेलर ओढत आणायचा. या सगळ्याचे भाडे मालवाल्या पार्टीशी बोलून आधीच ठरलेले असते. गाडीचा हप्ता मात्र महिन्याच्या तारखेला जातो, गाडी महिन्यात किती वेळा फिरली हे बँक विचारत नाही. एका रांगेत अर्धा दिवस गेला की महिन्याच्या ट्रिपा कमी होतात, आणि चालकाला भत्ता ट्रिपवर मिळत असल्याने त्याच्या घरी जाणारा पैसाही कमी होतो. मग तो बुडालेला वेळ रस्त्यावर भरून काढायला बघतो. रात्रभर न झोपलेला माणूस चाळीस टनांची गाडी पळवू लागतो. अपघात झाला की वर्तमानपत्रात ‘भरधाव ट्रेलर’ छापून येते. त्या वेगाची सुरुवात रांगेत झालेली असते, ते मात्र कुठे छापून येत नाही.

रांगेत काय असते तेही लिहितो. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता उभ्या ट्रेलरच्या केबिनमध्ये बसवत नाही आणि गाडी सोडून जाताही येत नाही, कारण पुढची गाडी कधी सरकेल याचा नेम नसतो. एसी केबिनचा नियम १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या मालगाड्यांना लागू झाला. त्याआधीच्या हजारो गाड्या अजून वर्षानुवर्षे याच रस्त्यावर धावणार आहेत. शौचालय रांगेच्या एका टोकाला असले तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. पाण्याची बाटली, वडापाव, चहा जो विकेल त्याच्या भावाने घ्यायचा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला उतरायलाही कोरडी जागा नसते. बीड, धाराशिव, उत्तर प्रदेश, बिहार अशा ठिकाणांहून आलेली ही माणसे. आता क्लीनर परवडत नाही म्हणून बरेचसे एकटेच असतात. डुलकी लागली आणि गाडी पुढे घेतली नाही तर मागचे हॉर्न वाजवतात आणि मधल्या फटीत दुसरा घुसतो. माझ्याकडचा एक चालक म्हणाला, “शेठ, लांबच्या ट्रिपला कितीही पाठवा, पण बंदराची लोकल नको.” लोकल म्हणजे बंदराच्या आसपासची जवळची फेरी. लांबच्या रस्त्यावर निदान ढाब्यावर चार तास पाठ टेकता येते.

कायद्याची गोष्ट याहून वाईट आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तासांचे ठरवले. पण कामाचे तास म्हणजे काय, हे सांगताना टर्मिनसवर नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच त्यात धरला. त्या काळात हा विचार एसटीच्या डेपोसारखी ठिकाणे डोळ्यांपुढे ठेवून केला असावा. आज तो कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. बंदराच्या रांगेत गेलेले सहा तास हे काम आहे की विश्रांती, या प्रश्नाचे उत्तर मात्र आजही चालकाला कोणी देत नाही. हातात स्टिअरिंग, पाय ब्रेकवर, दर दहा मिनिटांनी वीस फूट पुढे. ही विश्रांती असेल तर काम कशाला म्हणायचे?

न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याच्या पाच वर्षे आधी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, नवी मुंबईसाठी जमिनी घेण्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. जासईला दरवर्षी आम्ही त्यांना अभिवादन करतो. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले. बंदरासाठी शेवा गावाची माणसे उठवली गेली, आणि त्यांतल्या ज्या कोळी कुटुंबांना हनुमान कोळीवाड्यात वसवले, त्यांच्या घरांना वाळवीने पोखरले. पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. हे उगाळून काही मिळवायचे आहे म्हणून लिहीत नाही. शेती आणि मिठागरे गेल्यावर इथल्या कितीतरी घरांनी मोबदल्याच्या पैशातून नाहीतर कर्जावर गाड्या घेतल्या. बंदर हेच आमचे शेत झाले. म्हणून बंदर चांगले चालावे ही इच्छा आमच्याइतकी कुणाला असेल असे मला वाटत नाही.

आणि बंदर चांगले चालते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. १९९९ मध्ये देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल इथे सुरू झाले. आज पाच कंटेनर टर्मिनल आहेत, दुबई, सिंगापूर आणि युरोपातल्या कंपन्या ती चालवतात. २०२४-२५ मध्ये वीस फुटी बॉक्सच्या हिशोबात ७३ लाखांच्या आसपास कंटेनर इथून हलले. देशातल्या प्रमुख बंदरांवर हाताळल्या जाणाऱ्या कंटेनर मालापैकी जवळपास निम्मा माल इथला. डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीमुळे आयातीचा माल सीएफएसला न जाता थेट कारखान्यात जाऊ लागला. कारखान्यात भरलेल्या निर्यातीच्या गाड्यांसाठी मध्यवर्ती पार्किंग प्लाझा झाला, त्यात दीड हजारांच्या आसपास ट्रेलर मावतात, आणि त्यापूर्वी रस्त्याच्या कडेला जी अवस्था होती ती आठवली तर तो झाला याचे समाधानच वाटते. जागतिक बँकेच्या मालवाहतूक निर्देशांकात भारत २०१८ मध्ये ४४ वा होता, तो २०२३ मध्ये ३८ वा झाला. त्यात या बंदराचा वाटा नक्कीच आहे.

पण या यशाचे मोजमाप जहाजापासून आणि यार्डापासून होते. जहाज किती तासांत परत फिरले, क्रेनने तासाला किती बॉक्स उचलले, बॉक्स यार्डात किती राहिला. टर्मिनल चालवायला देताना जे करार होतात, त्यांत ट्रेलरच्या चढ-उताराच्या वेळेचाही निकष असतो. तो निकष कागदावर सहज पाळता येतो, कारण रांगेचा मोठा भाग गेटच्या बाहेर असतो. गेटमधून गाडी सोडण्याचा वेग कमी केला की आतला वेळ सुधारतो आणि बाहेरची रांग बंदराच्या रस्त्यावरच्या करळ फाट्याकडे वाढत जाते.

मोजायचे कसे, असे आता कोणी म्हणू नये. बॉक्सवर टॅग लावून तो कुठे आहे हे सांगणारी लॉजिस्टिक्स डेटा बँक २०१६ मध्ये सर्वात आधी याच बंदरात सुरू झाली. टोलनाक्यांवर फास्टॅग आहे. बहुतेक ट्रेलरांवर जीपीएस आहे, कारण पार्टीला दर तासाला गाडी कुठे आहे ते हवे असते. फॉर्म १३ ऑनलाइन निघतो. ट्रेलर बंदराच्या हद्दीत किती वाजता शिरला, गेटवर किती वाजता पोचला, आत किती वाजता गेला आणि बाहेर किती वाजता आला, या चारही वेळा कुठल्या ना कुठल्या संगणकात पडून आहेत. त्या एकत्र करून टर्मिनलनिहाय रोज जाहीर कराव्यात, एवढेच पहिले पाऊल आहे. सरासरी नुसती देऊ नका. पहाटे तीन वाजता सुटलेल्या गाड्या सरासरी खाली ओढतात आणि संध्याकाळी अडकलेला त्यात झाकला जातो. शंभरातल्या सर्वात उशिराच्या दहा गाड्यांना किती वेळ लागला, तो आकडा द्या.

तुमच्या बाजूचे उत्तर मला माहीत आहे, आणि त्यात तथ्यही आहे. गाड्या सगळ्या एकाच वेळी येतात. निर्यातदार कट-ऑफच्या, म्हणजे जहाजासाठी माल घेणे बंद होण्याच्या, आधीच्या शेवटच्या सहा तासांत माल पाठवतो. कागद अपुरे असताना चालक रांगेत घुसतो आणि गेटवर त्याला बाजूला काढण्यात मागच्यांचा वेळ जातो. जहाजे वेळापत्रक पाळत नाहीत. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हापासून आठवडाभर काहीच नाही आणि मग तीन जहाजे एकदम, असे प्रकार वाढले. पावसाळ्यात तर हे व्हायचेच. लाइन गेट उघडण्याची वेळ बदलते आणि तोवर गाडी नाशिकहून निघून कसारा घाट उतरलेली असते.

हे सगळे खरे आहे. पण चूक सहा जणांची असेल तर भुर्दंड सातव्याने का भरायचा? चालकाने जहाजाचे वेळापत्रक केलेले नाही, शिपिंग बिल भरलेले नाही, क्रेन बंद पाडलेली नाही. तरी त्या साऱ्याचा भार त्याच्या तासांवर पडतो, कारण तेवढे तास फुकट मिळतात.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पोर्ट बॉटनी बंदरात हाच तंटा होता. टर्मिनलवाले ट्रकवाल्यांना दोष देत, ट्रकवाले टर्मिनलला. न्यू साउथ वेल्स सरकारने २०११ पासून तिथे बंधनकारक नियम लागू केले. ट्रकने आधी वेळ नोंदवायची. त्या वेळेत तो आला नाही तर वाहतूकदार टर्मिनलला दंड देतो. तो वेळेत आला आणि टर्मिनलने त्याला ठरलेल्या मिनिटांत मोकळे केले नाही, तर टर्मिनल वाहतूकदाराला दंड देते. दोन्ही बाजूंचे दंड, आणि मोजमाप यंत्राचे. कॅनडात व्हँकूवर बंदरातही २०१४ च्या ट्रकचालकांच्या संपानंतर रखडलेल्या वेळेचे पैसे हा समझोत्याचा भाग झाला. ही बंदरे काही दिवाळखोरीत गेलेली नाहीत. आमच्याकडूनही दंड घ्या, मी आनंदाने भरीन. अपुरे कागद घेऊन माझी गाडी रांगेत शिरली तर माझे चुकले, आणि त्याचे पैसे मी दिले पाहिजेत. फक्त दुसऱ्या दिशेनेही पैसे फिरू द्या.

हा प्रश्न ट्रेलरवाल्यांचाच आहे असेही समजू नका. जानेवारी ते एप्रिल या काळात नाशिक, सांगलीची द्राक्षे रीफरमधून युरोपला जातात. बॉक्समधले तापमान शून्याच्या आसपास ठेवावे लागते, त्यासाठी ट्रेलरवर जेनसेट, म्हणजे जनरेटर, लावून डिझेल जाळत राहायचे. रांगेत जेनसेट बंद पडला आणि चालकाच्या ते लक्षात आले नाही, तर बागाइतदाराचे वर्षभराचे कष्ट एका रात्रीत खालच्या प्रतीचे ठरतात. वेळेत आत गेला नाही तर बॉक्स रोल होतो, पुढच्या जहाजाची वाट पाहायची. आफ्रिकेला वळसा घालून जायचे तर प्रवास आधीच दोन आठवड्यांच्या आसपास लांबतो. तिथल्या दुकानात पेटी उघडल्यावर देठ सुकलेला निघाला तर खरेदीदाराला करळ फाट्यावरची रांग दिसत नाही, त्याला भारतीय द्राक्ष दिसते. परदेशी व्यापाराच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने शेवटच्या पंधरा किलोमीटरचा हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

उरणच्या सामान्य माणसाचेही ऐका. लोकल रेल्वेने उरण गाठायला आम्हाला १२ जानेवारी २०२४ उजाडावा लागला. तोवर शाळा, कॉलेज, दवाखाना, नोकरी सगळे याच रस्त्याने, याच ट्रेलरांच्या मधून. अंधारात दिवे न लावता कडेला उभ्या ट्रेलरवर मोटारसायकल आदळून गेलेल्या तरुणांची घरे आमच्या जवळपास प्रत्येक गावात आहेत. रांग कमी झाली की रस्त्याच्या कडा मोकळ्या होतात. त्यासाठी वेगळी योजना लागत नाही.

२०२४ च्या पहिल्या दिवसांत नव्या न्याय संहितेतल्या अपघाताच्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा दोन दिवसांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला चर्चेला बसावे लागले. चालक दिसायला तो थांबावा लागतो, ही पाळी पुन्हा येऊ नये. त्या वेळी जी दगडफेक झाली तिचे समर्थन मी करत नाही. पण इतका राग साठतो कुठे, हे पाहायचे असेल तर एखाद्या संध्याकाळी जहाजाच्या कट-ऑफच्या आधी रांगेच्या शेवटापासून गेटपर्यंत पायी चाला. गाडीतून, ताफ्यासह नको.

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचे काम आता हाती घेतले आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, खर्च ७६ हजार कोटींच्या वर, भागीदारीत ७४ टक्के वाटा तुमच्या प्राधिकरणाचा. नऊ कंटेनर टर्मिनल आणि वर्षाला २ कोटी ३२ लाख वीस फुटी बॉक्सची क्षमता, म्हणजे २०२४-२५ मध्ये न्हावा-शेव्यात जेवढे हलले त्याच्या तिपटीहून जास्त. डहाणूच्या मच्छीमारांचे त्या बंदराबद्दलचे म्हणणे वेगळे आहे, ते त्यांनी अनेक वर्षे मांडले आहे आणि ते ऐकले गेले पाहिजे. मी इथे फक्त माझ्या कामापुरते बोलतो. तिथल्या टर्मिनलांचे करार होतील तेव्हा ट्रेलरचे घड्याळ गेटच्या बाहेरून सुरू होईल, हे कलम त्यात आधीच घाला. एकदा तीस वर्षांचा करार झाला की कंपनी म्हणते, कागदावर नाही ते मागू नका. न्हावा-शेव्यात आम्ही हे अनुभवतो आहोत. रेल्वेचा वाटा वाढेल, दिल्लीकडून येणारा मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग बंदरापर्यंत दुहेरी थराचे डबे आणेल, हे चांगलेच आहे. पण नाशिकची द्राक्षे, भिवंडीची गोदामे, चाकणचे सुटे भाग रस्त्यानेच येत राहणार.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढच्या पावसाळ्याआधी तीन महिने फक्त आकडे जाहीर करा, कुणालाही दंड नको. टर्मिनलांना, लाइनना, आम्हाला, सर्वांना आपापली वेळ दिसू द्या. त्यानंतर सर्वांना एकत्र बसवून किती मिनिटांपुढे शुल्क लागेल आणि ते किती असेल हे ठरवा, चालकाचा वाटा थेट त्याच्या बँक खात्यात जाईल अशी सोय करा, मालकाच्या हातून नको. मालक म्हणून हे लिहिताना माझ्याच काही धंदेबंधूंना ते आवडणार नाही याची कल्पना आहे. पण तासन् तास उभा राहिला तो चालक.

आकडे गोळा करायला अडचण असेल तर माझ्या गाड्यांच्या जीपीएसच्या सगळ्या नोंदी मी कोणतीही अट न घालता द्यायला तयार आहे. इतर मालकांशीही बोलणे चालू आहे. तुम्ही पत्ता आणि नमुना कळवा, आम्ही नोंदी पाठवतो.

आपला,
एक ट्रेलरमालक आणि प्रकल्पग्रस्त
उरण, जि. रायगड